छिद्रातून कोण जाणार, ते आधी ठरव

पोरी, तुझा साचा आला, दाबायचा जॅक आला, आता घोटीहून तुसाची पोती आली की तुझा हात थांबायचा नाही. त्याआधी माझं ऐकून घे. चाकाला मी जन्मात हात लावला नाही. आमच्या वेळी कुंभाराच्या घरात बाईनं चाक फिरवायची रीत नव्हती. चाक तुझ्या आजोबांचं. पण त्यावर चढणारी माती माझी होती. ती खणून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची. तिच्यात लीद किती, राख किती, वाळू किती, हे सगळं माझ्या हातात. माठ पाणी गार करणार की नुसता बसून राहणार, हे कालवतानाच ठरतं. चाकावर फक्त आकार येतो. तुझ्या पाणी गाळायच्या भांड्याला तर चाक लागतच नाही, ते साच्यात दाबून होतं. म्हणजे तुझं सगळं काम कालवण्याचं आणि भाजण्याचं. तेवढं मला येतं.

तुझ्या आजोबांना सगळे विचारायचे, माठाची माती कोणती. मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मातीचं मग बघू, आधी छिद्राचं सांगा. भाजलेल्या मातीत छिद्रं असतातच, डोळ्याला न दिसणारी. त्या छिद्रातून कोण जाणार आहे, ते आधी ठरव. माठाच्या छिद्रातून पाण्याचा ओलावा बाहेरच्या अंगाला यावा आणि वाऱ्यानं उडून जावा. झाडाशेजारी पुरायच्या मडक्यातून पाणीच जावं, पण जमीन मागेल तेवढंच. गाळायच्या भांड्यातून पाणी जावं आणि जुलाबाचा जंतू मागे राहावा. चुलीला लावायच्या हलक्या विटेतून काहीच जाऊ नये, हवा आत कोंडून राहावी आणि तिनं जाळाची ऊब अडवावी. माती एकच, जाळ एकच, तरी ही चार कामं निराळी आहेत. एकाचं कालवण दुसऱ्याला वापरलंस की घाण्याचा घाणा वाया.

मातीचं एक दुखणं सांगते, कारण ते मी भोगलंय. माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. नेहमीच्या तळ्यात गाळ कमी म्हणून मी नव्या जागेची काळी माती आणली. कालवायला लोण्यासारखी. माठ आव्यातून खणखणीत निघाले, हरसूलच्या बाजारात सगळे विकले. आठवड्यानं लोक माठ घेऊन दारात. प्रत्येकाच्या अंगावर नखाएवढे टवके उडालेले आणि टवक्याच्या बुडाशी पांढरा ठिपका. ती चुनखडी. आव्यात तिचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला दमटपणा पितो, फुगतो आणि माठाची कातडी फोडून बाहेर येतो. त्या सगळ्या माणसांना आम्ही दुसरे माठ दिले, तो उन्हाळा फुकट गेला. तेव्हापासून नवी माती घरात घ्यायच्या आधी मी तिच्यावर लिंबू पिळते. फसफसली की चुना आहे, परत टाकून ये. थोडीशीच कुजबुजली तर बारीक चाळणीनं खडा काढ, आणि भाजलेलं भांडं जरा कोमट असतानाच पाण्यात बुडवून ठेव. उरलेला चुना तिथेच विरून जातो, गिऱ्हाइकाच्या घरी फुटत नाही.

मातीची दुसरी परीक्षा आटण्याची. ओल्या मातीची पट्टी थाप, तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढ, सावलीत वाळव आणि परत मोज. नऊ सेंटिमीटरपेक्षा आखूड झाली तर ही माती एकटीनं तडकणार. तिच्यात वाळू नाहीतर जुन्या खापराची भुकटी घाल. फुटलेली भांडी फेकू नकोस, ती पोत्यात भरून ठेव. भुकटीला एकदा जाळ लागलेला असतो, ती पुन्हा आटत नाही आणि बाकीच्या मातीला धरून ठेवते.

आता तूस. आपल्याकडं भात आहे म्हणून तूस आहे, ही तुझी मोठी सोय. पण गिरणी बघून घे. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच कुटून निघतो, त्यात बारीक-जाड सगळं असतं. शेलरवर तूस अख्खा, निराळा पडतो. तुला शेलरचा पाहिजे. कोंडा गुरांना जाऊ दे, त्यात तेल असतं, त्यांच्या पोटाला तो लागतो. तूस गुरंही खात नाहीत. अख्खा आण, पुन्हा कुटून बारीक कर आणि एकाच चाळणीनं चाळ. चाळणी बदलू नकोस. तूस आव्यात जळून गेला की छिद्र त्याच्या कणाएवढंच पडतं. पोतं बदललं, चाळणी बदलली की भांडं बदललं. भिजलेलं, बुरशी आलेलं पोतं आलं तर घेऊच नकोस.

किती घालायचा? तू मला वाचून दाखवलंस की कंबोडियात तीस किलो मातीला सुमारे दहा किलो तूस घालतात. ते त्यांच्या मातीचं झालं. तुझ्या मातीचं प्रमाण तुलाच काढावं लागेल. चार घाणे कर. शंभर भाग कोरड्या मातीला पंधरा, वीस, पंचवीस, तीस भाग तूस, वजनानं; मापट्यानं मोजू नकोस, तूस फसवतो. प्रत्येक घाण्याची तीन-तीन भांडी कर आणि बुडाला ओल्यातच खूण कोर. या बारा भांड्यांचे पैसे गेले असं धरून चाल.

कालवताना माती आणि तूस कोरडेच एकत्र कर, पाणी शेवटी. माठाच्या मातीला मी लीद घालून आठ-आठ दिवस आंबवायची. वास सुटला, चिकटपणा आला की मगच चाकाला द्यायची. तुला वाटेल तसंच इथंही. तसं करू नकोस. तुसाचा घाणा भिजवला की त्याच दिवशी दाबून मोकळा हो. ठेवलास तर तूस फुगतो, कुजतो, आणि छिद्राचं माप तुझ्या हातात राहत नाही. लीद मात्र माठासाठी अजूनही माझ्या मनात पहिली. गाढवाच्या लिदीत गवताचे इतके बारीक धागे असतात की कुठल्या चाळणीनं तेवढे मिळायचे नाहीत. ते जळून गेले की माठाच्या अंगात केसासारख्या वाटा उरतात. आता गाढवं गेली, लीद मिळत नाही. माणसं लाकडाचा भुसा घालतात, तो चालतो.

वाळवणं सावलीत. आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात दुपारचा वारा असा सुटतो की काठ तासाभरात पांढरा होतो आणि बूड तसंच ओलं राहतं. काठ आधी आटला की तिथून चीर जाते. म्हणून काठावर ओलं फडकं टाक आणि दुसऱ्या दिवशी भांडं उलटं करून बुडाला वारा दे. दाबून केलेल्या भांड्याची चीर आधी केसाएवढी असते. ती बोटानं सारवून झाकू नकोस. जंतूला तेवढी वाट पुरते.

भाजताना घाई करायचा मोह होतो, कारण गोवऱ्या आणि लाकूड महाग. पण पहिले काही तास धूर पांढरा असतो, ते पाणी. धूर पांढरा आहे तोवर जाळ वाढवलास तर भांडं आतल्या वाफेनं फुटतं. मग धूर काळा-पिवळा होतो, तो तूस जळतोय. इथे आव्याला हवा दे. तोंडं बुजवलीस तर तूस जळायचा नाही, त्याचा कोळसा होऊन छिद्रात बसेल. त्यानंतरच जाळ चढव. आत लाल दिसायला लागलं की सातशे अंशांच्या आसपास आहेस. लालाचा पळसाच्या फुलासारखा नारिंगी व्हायला लागला की नऊशेच्या जवळ आलीस, तिथे थांब. गाळायच्या भांड्याला साडेआठशेच्या आसपास पुष्कळ. त्याच्या फार वर गेलीस तर माती वितळायला लागते आणि आपण तूस घालून जी छिद्रं केली तीच मिटतात. कमी भाजलंस तर भांडं पाण्यात राहून पुन्हा मऊ पडतं. मी डोळ्यानंच भाजायची, पण तू तापमान मोजायची तार विकत घे. माठ थोडा उन्नीस-बीस झाला तर माणूस कोमट पाणी पितो, तुझं भांडं तसं झालं तर पोर आजारी पडतं.

प्रत्येक आव्यातलं एक भांडं मोडून बघ. जीव तुटतो, पण मोड. कडेच्या मधोमध काळी रेघ दिसली तर तूस पुरता जळालेला नाही. सगळीकडं एकच तांबूस रंग पाहिजे. मग उरलेल्यांतून एक घे, कोरडं तोल, एक दिवस पाण्यात बुडवून ठेव, अंग पुसून परत तोल. दोन किलोचं भांडं दोन किलो तीनशे भरलं तर ते शंभराला पंधरा पाणी पितं. हा आकडा वहीत लिही. प्रत्येक आव्यात तोच यायला लागला की समज, तुझा हात बसला.

भाजलेल्या मातीची छिद्रं बंद करण्यातही कसब आहे, हे विसरू नकोस. नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीत आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ साली सांकलिया आणि देव या संशोधकांनी खोदकाम केलं. जोर्व्याची तोटीची भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची, पातळ, तांबडी, आणि वाजवली तर धातूसारखी वाजणारी. त्या कुंभारांना पाणी झिरपायला नको असावं, म्हणून त्यांनी माती निवळून घेतली आणि कडक भाजली. त्या भांड्यात पाणी गार होणार नाही. आणि तेलंगणात रामप्पाचं देऊळ आहे, तेराव्या शतकातलं. त्याच्या शिखराच्या विटा इतक्या सच्छिद्र की पाण्यावर तरंगतात. एकीकडं ते, एकीकडं हे. दोन्हीकडं काम बघून छिद्र ठरवलेलं.

आता तुझ्या गाळायच्या भांड्याचं नीट ऐक, कारण इथे चूक चालत नाही. ही कल्पना ग्वाटेमालातल्या डॉक्टर फर्नांडो माझारिएगोस यांची, १९८१ सालची. पुढे १९९८ मध्ये मिच वादळानं निकाराग्वा धुऊन नेला तेव्हा तिथल्या कुंभारांनी ती घरोघरी नेली. कुंडीसारखं भांडं, झाकणाच्या बादलीत टांगलेलं, खाली तोटी. भांडं एक दिवस पाण्यात मुरू दे. मग काठोकाठ भर आणि एका तासात किती उतरलं ते मोज. एक ते दोन लिटर उतरलं तर ठीक. अडीचच्या वर गेलं तर ते भांडं फोड. गिऱ्हाईक म्हणेल, बरंय की, लवकर गाळतं. त्याला स्वस्तात देऊ नकोस, झाडाला लावायला देऊ नकोस, फोड. चांगलं दिसणारं गळकं भांडं घरात राहिलं की कुणीतरी ते वापरतंच. आणि तासाला अर्धा लिटरच उतरत असेल, तर बाई कंटाळून दुसऱ्या आठवड्याला थेट हंड्यातलं पाणी प्यायला लागते. तेही भांडं कामाचं नाही.

मापात उतरलेल्या भांड्यावर चांदीच्या द्रावणाचा हात देतात, आतून-बाहेरून, म्हणजे छिद्रात जंतू वाढत नाहीत. ते माप शिकल्याशिवाय करू नकोस, हातमोजे घाल. आणि तासाला किती लिटर यावर विसंबून विकू नकोस. गाळलेलं पाणी नाशिकच्या प्रयोगशाळेत तपासून घे, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घे, म्हणजे गावालाही विश्वास वाटेल. लोकांना खरं सांग. हे भांडं गढूळपणा अडवतं, जुलाबाचे बहुतेक जंतू अडवतं. विषाणू पुरते अडवत नाही. विरघळलेला खार, फ्लोराइड, फवारणीचं औषध यातलं काहीच अडवत नाही. ज्याच्या पाण्यात ते दुखणं आहे त्याला हे विकणं पाप आहे.

साधा माठ गाळतो, असंही कुणाला सांगू नकोस. बाजारात मी ते ऐकलंय आणि मला राग येतो. माठात पाणी वरून ओततात, वरूनच काढतात. ते छिद्रातून गाळून येतच नाही. उलट बुडवलेल्या हातानं त्यात घाण जाते. माठाला ओगराळं ठेव, नाहीतर तोटी लाव.

पावसाळ्यात ओहोळाचं पाणी लाल येतं. ते तसंच भांड्यात ओतलं तर महिनाभरात छिद्रं बुजतात. आधी हंड्यात रात्रभर ठेव. निवळीची बी मिळाली तर हंड्याच्या आतल्या अंगाला उगाळ, नाहीतर तुरटीचा खडा दोन फेरे फिरव. सकाळी वरचं पाणी ओत. भांडं संथ झालं की नारळाच्या शेंडीनं आतून घास. साबण लावू नकोस, तेलकट हात लावू नकोस. छिद्र साबण पितं आणि मग तो पाण्यात सोडत बसतं. नवं भांडं पहिले तीन-चार वेळा भरून ओतून दे. तूस जळाला तरी त्याचा पाचवा हिस्सा राख होऊन आत राहिलेला असतो, तो निघून जाऊ दे.

माठाचं थोडक्यात. नव्या माठाच्या अंगावर पाण्याचा थेंब टाक, मोजेपर्यंत आत गेला पाहिजे. वर ओघळला तर छिद्रं मिटलेली आहेत किंवा कुणीतरी रंग दिलाय. हल्ली तेलरंगानं फुलं काढलेले माठ विकतात. दिसायला छान, पण रंगानं तोंड बंद केल्यावर घाम कुठून येणार? तू मला हिशेब करून दाखवला होतास, शंभर लोटे पाण्यातला एक लोटा उडून गेला तर बाकीचं पाणी पाच-सहा अंशांनी उतरू शकतं. मी ते ऐकून बराच वेळ माठाकडं बघत बसले. इतकी वर्षं माठाचा ओला डाग पुसत आले होते, आता पुसत नाही. माठ वाऱ्यात ठेव, भिंतीला टेकवू नकोस, खाली तिवई दे. आणि श्रावणात आपल्याकडं हवाच ओली असते, तेव्हा माठ गार करत नाही म्हणून कुणी परत घेऊन आलं तर भांडू नकोस. समजावून सांग. पांढरा खार फुटला असेल तर घासून उन्हात दोन दिवस वाळव. तेवढ्यानं नाही गेला तर त्या माठाचं काम संपलं, त्यात रोप लाव.

पाणी उडून गारवा येतो, याच रीतीनं दिल्लीच्या पुसा शेती संस्थेतल्या लोकांनी ऐंशीच्या दशकात विटांची गार खोली काढली. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वाळूला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताची ताटी. पावणेदोन मीटरसुद्धा लांब नाही आणि शंभर किलो भाजी मावते. वीट मात्र पाणी पिणारी पाहिजे, फार कडक भाजलेली घेतलीस तर उपयोग नाही. आपल्या बायका पाड्यावरून बाजाराला भाजी आणतात, उरलेली संध्याकाळी मिळेल त्या भावाला टाकून जातात. बाजारतळाजवळ अशी एक खोली झाली तर मला फार बरं वाटेल. तुझ्या धंद्याचा त्यात पैसा नाही, तरी करून दे.

झाडाच्या मडक्याला इथे खरं गिऱ्हाईक आहे. आंबा-काजूच्या वाड्या लावतात, पावसात रोप जोमात असतं आणि मार्चनंतर बाई डोक्यावरून हंडा आणून त्याला घालते. उघड्यावर घातलेलं अर्धं ऊनच पितं. पाच-सात लिटरचं मडकं रोपापासून वीतभर लांब गळ्यापर्यंत पूर, तोंडावर झाकण ठेव. माती कोरडी झाली की ती ओढते, ओली असली की पाणी आतच थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. या मडक्याला माठाच्या लिदी-भुशापेक्षा जास्त तूस घाल. आणि जमिनीच्या वर राहणाऱ्या गळ्याला तेलरंग दे. माठाला जो रंग नासवतो तोच इथे कामाला येतो, गळ्यातून पाणी उडत नाही.

चुलीच्या विटेबद्दल मला फार येत नाही. तूस भरपूर घालायचा, वीट हलकी होते, जाळाची ऊब बाहेर जात नाही, लाकूड कमी लागतं. पण ती ठिसूळ असते, तव्याचा धक्का बसतो तिथे लावू नकोस, बाहेरून लाव. आणि दिवाळीत पणत्या विकशील तेव्हा प्रत्येकीला सांग, तेल घालायच्या आधी पणती दोन-तीन तास पाण्यात ठेव. छिद्रं पाण्यानं भरली की तेल पीत नाहीत.

उद्या तूस उतरवून घेशील तेव्हा प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घाल आणि तळाची मूठ काढून बघ. वरचा कोरडा दाखवतात. दमट लागला तर ते पोतं वेगळं ठेव, आणि मला हाक मार.